डोंगराच्या वाटा आपल्याही आहेत

खानदेशात सहकुटुंब पायी फिरण्याच्या तीन सोप्या जागा

खानदेश म्हटले की केळी, कापूस आणि कडक ऊन एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. डोंगर म्हटले की लोक लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर यांची नावे घेतात. परंतु समुद्राच्या काठाकाठाने सुमारे १६०० किलोमीटर गेलेला सह्याद्री सुरू होतो तो तापीच्या दक्षिणेसच. त्याचे फाटे पूर्वेकडे वळून थेट आपल्या दारापर्यंत आले आहेत. धुळ्याजवळचे गाळण्याचे डोंगर, चाळीसगावच्या दक्षिणेला भिंतीसारखी उभी असलेली सातमाळा-अजिंठ्याची रांग, ही सारी त्याच घरातील मंडळी. या डोंगरांत साग आणि अंजनाचे रान आहे, गुडघाभर गवताची कुरणे आहेत आणि म्हातारी माणसे व लहान मुलेही चालू शकतील अशा वाटा आहेत.

आपल्या घरांतून प्रवास होत नाहीत असे नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमी, जमले तर एकदा बुद्धगया. हे प्रवास श्रद्धेचे आहेत आणि ते झालेच पाहिजेत. परंतु एखाद्या रविवारी भाकरी बांधून घ्यावी, मुलाबाळांना बरोबर घ्यावे आणि केवळ आनंदासाठी डोंगरात पायी फिरून यावे, हा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. असे का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला याच परिसरातील काही वाटा सापडल्या. त्या आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

पाय आणि प्रतिष्ठा

डोंगरात फिरायला जाऊ म्हटले की घरातील वृद्ध माणसे हसतात. त्यांच्या आयुष्यात डोंगर हौसेचा नव्हता. डोंगर म्हणजे सरपणाची मोळी, गवताचा भारा, डिंक आणि टेंभुर्णीची पाने. गावकीच्या काळात सरकारी टपाल पोहोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, मेलेल्या जनावराची वार्ता देणे ही सारी कामे महाराच्या पायांवर लादलेली होती. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे वतनाच्या कामासाठी अनवाणी धावलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. ज्या पायांना कधी विसावाच मिळाला नाही, त्या पायांना हौसेने चालायला सांगणे काहींना चेष्टा वाटते, यात नवल नाही.

या गोष्टीचा मोठा दाखला चाळीसगावात आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या कामासाठी १९२९ साली ते खानदेशात आले. धुळे मार्गावरील एका गावात सामाजिक बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावी परतले, तेव्हा तेथील बांधव त्यांच्या स्वागतासाठी स्टेशनवर हजर होते. महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याइतकाच दूर होता. तरीही बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. कारण एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार नव्हता आणि आपल्या एवढ्या मोठ्या पाहुण्याने पायी यावे, हे बांधवांच्या मनाला पटत नव्हते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, परंतु हाकणारा मिळाला नाही. आपल्यातीलच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला. घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले, बाबासाहेब मोरीच्या दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे.

ही हकीकत वाचताना आपण टांगेवाल्याच्या अहंकारावर चिडतो, आणि ते रास्तच आहे. परंतु तिला दुसरीही एक बाजू आहे. दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आपल्या माणसांना अपमानाची वाटली. पायी चालणे म्हणजे हलकेपणा, हे जातीने आपल्या मनात किती खोल रुजवले होते, ते यातून कळते.

पुढे १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांनी ठरवले की सहल काढायची आणि बाबासाहेबांना बरोबर न्यायचे. सहलीत वेरूळची लेणी पाहायचीच, असे ठरले. म्हणजे आपल्या लोकांनी काढलेली ही पर्यटनाचीच सहल होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी ही मंडळी थांबली. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांनी तेथील हौदाच्या पाण्याने धुतले. त्यावरून हौद बाटवल्याचा गलका झाला. अखेर पाण्याला कोठेही स्पर्श करणार नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला गेला. आज आपली मुले हातात बाटली घेऊन कोणत्याही किल्ल्यावर धावत जातात. त्या साध्या गोष्टीमागे केवढा रस्ता चालून झाला आहे, हे त्यांना सांगायला हवे.

तथागतांचे चालणे

आपल्या पायांचा दुसरा इतिहासही आहे आणि तो अभिमानाचा आहे. तथागत भगवान बुद्ध ज्ञानप्राप्तीनंतर पंचेचाळीस वर्षे पायी फिरले. त्यांनी पहिल्या साठ भिक्खूंना निरनिराळ्या दिशांना पाठवले, तेही पायीच. संघाच्या भाषेत या फिरण्याला चारिका म्हणतात. येथे चालणे ही कोणी लादलेली वेठ नव्हती. राजपुत्र आणि न्हावी, ब्राह्मण आणि झाडूवाला असे सारे एकाच वाटेने, एकाच चालीने चालत होते.

बौद्ध साहित्यात चंक्रमणाचे, म्हणजे शांतपणे येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. माणूस प्रवासाला समर्थ होतो, प्रयत्नाला समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेले नीट पचते आणि एकाग्रता टिकून राहते. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी शिरला असताना डॉक्टर जे सांगतात, त्यातले बरेचसे यात आले आहे. आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने हे पाच लाभ भिंतीवर लिहून ठेवावेत.

डोंगर कसा आहे

वाटांकडे वळण्यापूर्वी डोंगराची थोडी ओळख करून घेऊ. समुद्राकडून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीच्या कड्यांना अडतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर आपले बहुतेक पाणी सांडून टाकतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर धुळ्याच्या वाट्याला त्याच्या सुमारे एक दशांश येतो. म्हणून आपल्या डोंगरावर कोकणासारखे सदाहरित जंगल नाही. येथील झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा हिरवी होतात. साग, धावडा, सालई, खैर, पळस, टेंभुर्णी आणि खानदेशाचे खास म्हणावे असे अंजन. अंजनाचे पान जोडपान असते, दोन पाकळ्या मिटून उघडाव्यात तसे. एकदा मुलांना दाखवले की ती ते पुन्हा विसरत नाहीत.

झाडे विरळ झाली की कुरण लागते. मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते येथे वाढतात. तिखाडी किंवा रोशा नावाचे गवत चुरगळून हुंगले तर त्याचा सुवास हाताला लागून राहतो. याच गवताच्या तेलासाठी खानदेश एकेकाळी प्रसिद्ध होता. श्रावणापासून आश्विनापर्यंत तेरडा, सोनकी, कुर्डू आणि क्वचित कळलावीची लालपिवळी फुले दिसतात. कळलावी दिसायला सुंदर आहे, परंतु तिचा कंद विषारी आहे. तिला हात लावू नये.

पहिली वाट : लळिंगचे कुरण आणि लांडोर बंगला

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटर गेले की लळिंग गाव लागते. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे आणि भोवती वनखात्याचे मोठे कुरण. या कुरणात डोंगराच्या कुशीत इंग्रजांच्या काळातील एक विश्रामगृह आहे. तोच लांडोर बंगला. लांडोर म्हणजे मोराची मादी. सकाळी लवकर गेल्यास मोरांचा आवाज आजही ऐकू येतो.

१९३७ च्या जुलैअखेर बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्याच वर्षी ते मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. या दौऱ्यात लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिक भागांतून हजारो बांधव येथे येतात. निळे झेंडे, भीमगीते आणि पांढऱ्या साड्यांतील उपासिका यांनी कुरण भरून जाते. चाळीसगावच्या मोरीवर ज्यांचा पाय मोडला, त्यांच्याच स्मृतीसाठी आठ वर्षांनंतरच्या एका मुक्कामाचे निमित्त करून सारा खानदेश डोंगरात येतो, ही साधी गोष्ट नव्हे.

आमची सूचना अशी की यंदापासून ज्यांना चालवते त्यांनी महामार्गाजवळ गाडी सोडावी आणि कुरणातून बंगल्यापर्यंत पायी जावे. गाड्यांतील जागा वृद्धांना, गरोदर भगिनींना आणि अपंगांना द्याव्यात. वाटेला अवघड चढ नाही. आपल्या सोयीने बसत, उठत, झाडे ओळखत गेले तरी मुले थकत नाहीत. त्या दिवसांत पाऊस असतो, गवत कोवळे असते आणि चांगला पाऊस झाला असेल तर ओढ्यांना व धबधब्याला पाणी असते. ओढ्याला पूर असताना मात्र पाण्यात उतरू नये आणि धबधब्याच्या वरच्या दगडांवर उभे राहू नये. शेवाळावरून पाय केव्हा निसटेल ते सांगता येत नाही.

ज्यांच्या पायांत अधिक बळ आहे त्यांनी दुसऱ्या एखाद्या दिवशी लळिंगचा किल्ला चढावा. चढ थोडा उभा आहे, परंतु वाट मळलेली आहे. फारुकी घराण्याच्या मलिक राजाने हा किल्ला आपला थोरला मुलगा नसीरखान याला दिला होता. याच नसीरखानाने पुढे बुऱ्हाणपूर वसवले. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरून महामार्ग दोऱ्यासारखा दिसतो आणि कुरणाचा सगळा विस्तार एका नजरेत येतो.

दुसरी वाट : पाटणादेवीचे रान आणि वरचे पितळखोरे

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि ते जळगाव व छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. त्याच्या नावातील औट्रम म्हणजे भिल्लांची पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. या रानाचे मूळ रहिवासी भिल्ल, परंतु घाटाला नाव मिळाले साहेबाचे. डोंगराला नाव देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

लोक येथे येतात ते चंडिकेच्या जुन्या दगडी देवळासाठी. आमची वाट मात्र देवळापाशी संपत नाही, तेथून सुरू होते. डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या काठाने दाट झाडीतून धवलतीर्थ धबधब्याच्या बाजूला जाणारी पायवाट आहे. तीन बाजूंनी उभे कडे आणि मध्ये हिरवी घळ. येथे सावली भरपूर असल्यामुळे हिवाळ्यात दुपारीही चालता येते. बिबट्याचा वावर असलेले हे रान आहे. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, वाटाड्या घ्यावा, मुलांना पुढे एकटे सोडू नये आणि ऊन उतरण्याच्या आत परत फिरावे.

पाटण्याचे आणखी एक महत्त्व आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ काढला होता. त्याची माहिती देणारा इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिताचा अभिमान सर्वांनाच वाटावा. परंतु त्या काळी त्या मठाच्या पायरीवर आपल्या पूर्वजांना बसू दिले नसते, हेही विसरता येत नाही. आज तुमची मुलगी गणितात पहिली येत असेल, तर तिला येथे अवश्य आणा आणि ही गोष्ट सांगा.

याच डोंगराच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. पाटण्याच्या बाजूने रानातून वर जाणारी वाट दमछाक करणारी आहे, ती कुटुंबासाठी नव्हे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गाडीने वरच्या पठारावर जावे. तेथून पायऱ्या उतरत घळीत जाता येते. पठारावर पुन्हा तेच मोकळे गवत, तोच वारा. घळीत दोन्ही बाजूंना मिळून १४ लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या काळातील आहेत. दगड ठिसूळ असल्यामुळे पुष्कळ भाग कोसळला आहे. तरी हत्तींची रांग आणि दारावरचे द्वारपाल अजून पाहणाऱ्याला थांबवतात.

ही लेणी कोणी एका राजाने खोदवली नाहीत. दान देणाऱ्यांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आहे, राजवैद्य मगिल आहे. १९५७ साली पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी येथील दगडमाती हटवली, तेव्हा एका हसऱ्या यक्षाची मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर कारागिराने आपले नाव कोरले आहे : कण्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणारा माणूस आपले नाव लाज न बाळगता कोरत होता, कारण धम्मात श्रमाला मान होता.

तिसरी वाट : अजिंठ्याला लेण्यांच्या समोरून

अजिंठा पाहिला नाही असे कुटुंब आपल्यात क्वचितच सापडेल. जळगावहून ते साधारण साठ किलोमीटर. परंतु आपण करतो काय? बसमधून उतरतो, लेणी क्रमांक एकपासून २६ पर्यंत गर्दीबरोबर सरकतो, महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे हात जोडतो आणि जेवायला फर्दापूरला परततो. लेणी दिसतात, परंतु डोंगर दिसत नाही.

यावेळी लेणी पाहून झाल्यावर खाली वाघूर नदीकडे उतरा. लहान पूल ओलांडून पलीकडच्या टेकडीवर जाणारी वाट धरा. चढ फार नाही. हळूहळू गेले तरी अर्ध्या-पाऊण तासात लेण्यांच्या समोरची उंच जागा येते. तेथून घोड्याच्या नालेच्या आकाराचा संपूर्ण कडा आणि त्यात ओळीने कोरलेली तीस लेणी दिसतात. डावी-उजवी सगळी झाडी, वरच्या अंगाला सात कुंडांतून उतरणारे पाणी. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला पलीकडच्या बाजूने दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. त्याने आपले नाव व तारीख तेथील खांबावर कोरून ठेवली. त्याला लोक शोध म्हणतात. रानात गुरे चारणाऱ्यांना लेणी त्याआधीही ठाऊक होती, पण त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

भिक्खूंनी नेमकी हीच जागा का निवडली, हे समोरून पाहिल्यावरच कळते. पाणी जवळ, वस्तीचा गोंगाट दूर, आणि तरीही व्यापारी मार्ग चालत गाठता येईल एवढा जवळ. ही वाघूर पुढे तापीला मिळते. वाटेत तिच्यावर धरण आहे आणि जळगाव शहराच्या नळाला त्याच धरणाचे पाणी येते. ज्या पाण्याकाठी भिक्खूंनी वर्षावास केला, तेच पाणी आज आपल्या माठात आहे.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. कड्याला आग्यामोहोळे असतात. तेथे अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये.

निघण्यापूर्वी

तिन्ही वाटांसाठी उत्तम काळ पावसाळ्याच्या मध्यापासून माघापर्यंत. मार्चनंतर आपल्याकडचे ऊन जीव घेणारे असते, तेव्हा हौस करू नये. पहाटे निघावे आणि अकरापर्यंत बरेचसे चालून घ्यावे. पायात चप्पल नको, जुने का होईना परंतु बूट असावेत. आश्विनानंतर कुसळे पिकतात आणि कपड्यांतून टोचतात. म्हणून पायघोळ साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गूळ एवढे असले की डोंगरात मेजवानी होते. गवतात फुरसे, घोणस असतात. हातात काठी ठेवावी, दगड उचलू नयेत, बसण्यापूर्वी जागा पाहावी. सर्पदंश झालाच तर मांत्रिकाकडे नेण्यात एक क्षणही घालवू नये. चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. सहलीला गेल्यावरही स्वयंपाक, मुले आणि पिशव्या आईच्याच वाट्याला येत असतील तर ती तिची सहल नव्हे. निदान त्या दिवशी पिशवी तुम्ही उचला. तिला मोकळ्या हातांनी चालू द्या. तिच्या आजीच्या डोक्यावर याच डोंगरात मोळी होती.

गवत तुडवू नका

भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, हा नियम कसा झाला ते आठवा. पावसात फिरताना कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव पायाखाली मरतात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती ऐकली आणि आपल्या संघाचे पाय थांबवले. आज रानात उभ्या असलेल्या कोणत्याही पाटीपेक्षा ही शिकवण मोठी आहे.

३१ जुलै हा दिवस वर्षावासाच्या दिवसांतच किंवा त्याच्या आसपास येतो. आपण हजारोंनी कुरणात जातो. मग मळलेली वाट सोडून कोवळ्या गवतात पसरणे, पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तेथेच टाकून येणे, हे बाबासाहेबांना मानणाऱ्यांना शोभत नाही. त्या गवतावर ठेलारींची मेंढरे जगतात, पायथ्याच्या भिल्ल वस्तीतील गुरे जगतात. प्लॅस्टिक खाऊन एखादी गाय मेली तर नुकसान कोणा सावकाराचे होत नाही, आपल्यासारख्याच गरिबाचे होते. हिवाळ्यात वाळलेल्या कुरणात टाकलेली एक जळती विडी सगळ्या वर्षाचा चारा खाक करते. प्रत्येक बुद्धविहाराने आपल्या तरुणांचे एक पथक नेमावे, आणि शेवटची गाडी निघण्यापूर्वी नेलेला कचरा परत आणावा. बाहेरच्यांनी सांगण्याआधी आपण ते करावे.

आपल्या आजोबांना या डोंगरात दुसऱ्याच्या कामासाठी जावे लागले. बाबासाहेबांच्या पिढीला सहलीतही पाण्यासाठी शिपायाचा पहारा सोसावा लागला. आपल्याला कोणाचीही परवानगी न मागता, कोणाचेही ओझे न वाहता चालता येते. हा हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहील. म्हणून येत्या रविवारी तीनपैकी एक वाट निवडा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की त्यांनी हा डोंगर कशासाठी चढला होता, आणि सर्वांत लहान मुलाला शेजारी बसवून ते ऐकू द्या. मग दोघांनाही बरोबर घेऊन निघा. चाल हळू असली तरी चालेल. जयभीम.